टाळ वाजेल तिथे जावं

(शताब्दी सोहळ्यात बीडीडी चाळ, वरळी येथे मुंबईकर वारकऱ्यांच्या वतीने झालेलं भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, 'वारी आणि कुटुंब'. आईवडिलांची सेवा करा, भावाभावांत भांडू नका, एवढं बोलून खाली बसलो असतो तरी टाळ्या मिळाल्या असत्या. पण एकादशीचं भजन उरकून चहा आला की आमच्यात जे बोलणं निघतं ते वेगळंच असतं. घरातला एक माणूस सगळ्यांचं सगळं निस्तरत बसलेला असतो, आणि तरी कुणाचंच काही निस्तरलेलं नसतं. कुठे तो थोरला भाऊ असतो, कुठे थोरली सून, कुठे बिनलग्नाची राहिलेली ताई. या माणसाने थांबायचं कुठे? आज त्यावर बोलतो.

आपल्या दिंडीचं आणि या चाळींचं वय जवळपास सारखं. 1920 साली मुंबई सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं काढलं. त्यावरूनच बीडीडी हे नाव. पुढच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या 121 एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर 20 खोल्या, एका इमारतीत 80. मधून बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, संडास सगळ्यांचे मिळून. खोली 160 चौरस फुटांची. गावाकडच्या मंडळींना मापाने कळणार नाही. आपल्या वाड्यातली पडवी असते ना, तेवढीच.

त्या एका खोलीवर गावची तीन-तीन घरं चालली. मिलमध्ये लागलेला एक माणूस, त्याच्या मागून आलेले दोन भाऊ, एक मेहुणा, शिकायला ठेवलेला पुतण्या. कोण दिवसपाळीला, कोण रातपाळीला, म्हणून झोपायला जागा पुरायची. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोस्टात मनिऑर्डरीची रांग. कूपनावर दोन ओळी: बैल घ्या, बहिणीचं ठरवा, विहिरीचं काम थांबवू नका. ज्याच्या नावाने मनिऑर्डर जायची तोच घरचा कर्ता. सोयरीक त्याने जमवायची, भाऊबंदकी त्याने मिटवायची, पोराला नोकरीला त्याने चिकटवायचं. त्या माणसांनी हे केलं म्हणून आपण शिकलो, उभे राहिलो. त्यांच्याबद्दल बोलताना आधी हात जोडायचे आणि मगच पुढचं बोलायचं.

पण त्या रीतीत एक गोम होती. ती सगळ्या गिरणगावाला एकदमच दिसली. 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं आजही म्हणतात. गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि मनिऑर्डरी थांबल्या. तेव्हा कितीतरी घरांत पैसा तर संपलाच, पण उत्तर द्यायला माणूसही राहिला नाही. वीस वर्षं सगळं एकाच्या तोंडाकडे बघून चाललेलं. धाकट्याला सातबारा वाचता येत नव्हता. घरधनीणीला पोस्टातलं खातं कुठल्या नावाने आहे ते ठाऊक नव्हतं. आणि जो कर्ता, तो बोळातल्या बाकड्यावर खाली मान घालून बसलेला. सगळ्यांना सोडवणारा तो. त्याला सोडवायला कोण येणार?

त्याच गिरणगावात दुसरीही एक गोष्ट चालू होती. खाणावळी चालवणाऱ्या बायका. दहा-पंधरा माणसांचा डबा करायचा, उधारीवर किराणा आणायचा, सावकाराचं व्याज भरायचं. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. यातली खुबी बघा. कुणी येऊन त्या बायकांची उधारी फेडून टाकली असती तर पुढच्या दिवाळीला ती तेवढीच झाली असती. इथे कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची, हप्ताही बाईनेच भरायचा. सोबतीला मंडळातल्या दुसऱ्या बायका. संपाच्या काळात ज्या घरांची चूल बाईच्या हिमतीवर पेटत राहिली, ती घरं आम्हाला ठाऊक आहेत. मदत दोन्हीकडे होती. पण एकीकडे माणूस मदतीखाली दबला, दुसरीकडे मदतीने उभा राहिला.

आता जवळची एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, मजलाही सांगत नाही. एका घरात भाऊ पिणारा आणि बहीण थोरली, कमावती. भावाची वाण्याकडची उधारी बहीण फेडणार. गुत्त्यावरची उधारीही तीच फेडणार. कामाच्या ठिकाणी जाऊन साहेबाचे पाय धरणार, म्हणणार, माझा भाऊ आजारी होता. तीनदा नोकरी लावून दिली, तीनदा सुटली. शेवटी कार्तिकीला त्याला आळंदीला नेलं आणि गळ्यात माळ घालून आणली. चौथ्या दिवशी माळ खुंटीला आणि हा पायरीवर पडलेला.

वारकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. माळ मागावी लागते. ज्याला घ्यायची तो स्वतः पुढे होतो, वाकतो, नेम पाळायचं कबूल करतो, तेव्हा ती गळ्यात पडते. बहिणीच्या आग्रहाने घातलेली माळ बहिणीचीच राहते.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पिणाऱ्या माणसाशी बोलतात तसं घरच्यांशीही बोलतात. परदेशात सुरू झालेली अल-अनॉन नावाची चळवळ तर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे, तिच्या बैठका आपल्याकडेही होतात. दोन्हीकडचं सांगणं साधारण एकच. हे पिणं तुम्ही त्याच्या मागे लावलेलं नाही, ते सोडवणंही तुमच्या हातात नाही. पण त्याचं प्रत्येक नुकसान तुम्ही भरून देत राहिलात, तर पिण्याची किंमत त्याला कधी कळणारच नाही.

त्या बहिणीने एक दिवस चार माणसांत भावाला सांगितलं, "तुझं ताट या घरात आहे, ते कुणी काढून घेणार नाही. पण उधारी तुझी तू बघ." भाऊ चिडला, भांडी आपटली, गावाला निघून गेला. गावात काय बोलणं झालं ते गावाकडच्या मंडळींना आठवत असेल. बहीण निघाली कैदाशीण. भावाला हाकललं. सहा महिने ती बाई रात्री दारावर जरा काही वाजलं की उठून बसायची. मग एक दिवस तो परत आला आणि म्हणाला, मला त्या केंद्रात जायचंय, गाडीभाडं दे. ते तिने दिलं. तो पुढे एकदा घसरला, पुन्हा सावरला. गेली दोन वर्षं आपल्याबरोबर चालतोय, पाण्याच्या टँकरवर त्याची सेवा असते. गळ्यात अजून माळ नाही. कुणी विचारतही नाही. त्याला हवी तेव्हा तो मागेल.

हे शिकायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. आपली दिंडी शंभर वर्षं हेच शिकवत आलीय.

पहिली गोष्ट चालण्याची. माउलींच्या सोहळ्यात पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा, त्यात दिवे घाट. तिथे आपण काय करतो? म्हाताऱ्याच्या खांद्यावरची पिशवी घेतो, पाणी देतो, पायाला तेल चोळतो, त्याच्या चालीने चालतो. सामान ट्रकमध्ये टाकतो. पण त्याची वारी आपण चालत नाही. ती त्याची त्यानेच चालायची. त्याला चालता येत नसेल तर तो गाडीत बसेल, तेही तोच ठरवेल. "बाबा, तुम्ही इथेच थांबा, तुमच्या वाटचंही आम्ही चालून येतो," असं म्हणणारा वारकरी कुणी पाहिलाय का?

दुसरी गोष्ट समाज आरतीची. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, भोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि हजारोंचा समाज क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीला काही तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात आणि पुढे बोलतात. चोपदार प्रत्येक दिंडीत शिरून, "तुमचं काय अडलंय, मला ठाऊक आहे, थांबा मी करतो," असं म्हणत फिरत नाहीत. ज्याचा टाळ वाजतो त्याच्याकडे जातात. आणि गेल्यावर आधी ऐकतात.

घरी काय होतं? सुनेने नुसता उसासा टाकला की सासूबाई तिच्या माहेरी फोन लावतात. पोरगा म्हणाला, साहेब तिरसट आहे, की बाप दुसऱ्या दिवशी ओळखीतून बदलीची खटपट सुरू करतो. अहो, त्याला फक्त सांगायचं होतं. म्हणून आम्ही आमच्या मंडळींत एक सवय लावून घेतलीय. कुणी घरात काही सांगायला आलं की पहिला प्रश्न, "नुसतं ऐकू, की काही करायला हवंय?" आणि दुसरा, "तुझं काय ठरलंय?" या दोन प्रश्नांनी निम्मी कामं जागेवर कमी होतात. बऱ्याचदा माणसाचं ठरलेलं असतं. त्याला ते कुणापुढे तरी बोलून बघायचं असतं.

तिसरी गोष्ट वीणेची. अखंड सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा नेम. पण सात दिवस ती एकाच्या गळ्यात ठेवायची असा काही नेम नाही. पहाऱ्याची यादी भिंतीला लावलेली असते. वेळ झाली की दुसरा येतो, पाया पडतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. नव्या पोराच्या हाती आली की सूर जरा हलतो. म्हणून जुने विणेकरी ती त्याच्या गळ्यातून हिसकावून घेत नाहीत. शेजारी उभे राहतात.

आमच्याकडच्या एका आजोबांनी घरातही अशीच यादी केली. रेशनकार्ड, लाईटबिल, आजीची औषधं, गावच्या घराची पट्टी, बँकेचं पासबुक, सगळं तोवर त्यांच्याकडे. त्यांनी कागदावर नावं लिहिली आणि कागद कपाटाला चिकटवला. लाईटबिल मधल्याकडे, औषधं नातीकडे, गावची पट्टी धाकट्याकडे. पहिल्याच महिन्यात मधला बिल भरायला विसरला. आजोबांच्या खिशात पैसे होते आणि भरणा केंद्र रस्त्यापलीकडे. ते उठले नाहीत. दंडासकट बिल मधल्यानेच भरलं. आजोबा म्हणाले, दिवे घाट परवडला पण ते चार दिवस गप्प बसणं परवडलं नाही. दोन वर्षांनी आजोबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्या घरात कुठलाही कागद शोधावा लागला नाही. ज्याचं काम त्याला ठाऊक होतं.

आणि चौथी गोष्ट तुकोबारायांची. दुष्काळ पडला, दुकान बसलं, रखुमाई गेल्या. नंतर भामगिरीवरून परतल्यावर घरातली कर्जखतं बाहेर काढली, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. लोकांकडून येणं असलेल्या पैशांचे ते कागद. सगळे कागद इंद्रायणीत बुडवले, असं घाईत सांगून मोकळे होतात. पण परंपरा सांगते ती गोष्ट अशी, की आधी वाटण्या केल्या. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. यावर आमच्यात पुष्कळ बोलणं झालं. तुकोबांना आपलं खरं वाटत होतं, त्यात तसूभर शंका नव्हती. भावाचंही कल्याण यातच आहे असं म्हणून त्यांना सगळीच बुडवता आली असती. थोरला म्हणून तो अधिकारही लोकांनी मानला असता. पण कान्होबांचा प्रपंच कान्होबांचा होता. धाकट्याच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही.

हे सगळं आज बोलायला कारण आहे. या चाळी आता जात आहेत. 14 ऑगस्ट 2025 रोजी पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांचा ताबा इथल्या रहिवाशांना मिळाला. 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 फुटांचं मालकीचं घर. पांडुरंगाचीच कृपा म्हणायची. पण खोली एका नावाची आणि तिच्यावर वाढलेले भाऊ चार, बहिणी दोन. प्रत्येक घरात आता एक माणूस रात्रीचा जागा आहे. त्याला वाटतं, मीच काहीतरी करून सगळ्यांना खूश केलं पाहिजे. मग तो एका भावाला एक शब्द देतो, दुसऱ्याला दुसरा, बहिणीला तिसरा. सगळ्यांना दिलेले शब्द एका घरात मावत नाहीत. मग जे भावंडं चाळीत एका सतरंजीवर झोपली, ती कोर्टाच्या बाकावर लांब-लांब बसतात.

आमचं सांगणं एवढंच, की कर्त्याने एकट्याने सोडवू नये. सगळ्यांना एका दिवशी बसवावं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही बोलवावं, त्यांच्या वतीने आपण बोलू नये. प्रत्येकाने आपलं म्हणणं आपल्या तोंडाने सांगावं. कागद सगळ्यांपुढे ठेवावेत, लागला तर वकील सगळ्यांनी मिळून करावा. कर्त्याने आपल्याला काय झेपतं ते आकड्यात सांगावं: इतके पैसे, इतके महिने, यापुढे नाही. कुणी रुसलं तर रुसू द्यावं. प्रत्येक रुसवा काढायचं काम आपलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे बरंय, हात झटकायला मोकळे. तसं नव्हे. लेकरू लहान आहे, माणूस अंथरुणाला खिळलाय, कुणाची बुद्धी काम देत नाही, तिथे आपणच करायचं आणि कुरकुर न करता करायचं. कुठल्या घरात बाईला मारहाण होतेय, तिथे "त्यांचं ते बघतील" म्हणणं हे पाप आहे. दार वाजवा, 112 ला फोन करा, 181 हा महिलांचा नंबर तिला द्या. तिथे टाळ वाजायची वाट बघत बसू नका, कारण कित्येकदा टाळ धरलेले हातच बांधलेले असतात.

शेवटी गावाकडच्या मंडळींना प्रेमाची विनंती. अडलं की "मुंबईला फोन लावा" ही आपली जुनी सवय. फोन जरूर लावा, फोन आला नाही तर आम्हालाच करमत नाही. पण आमची माणसं टॉवरमध्ये राहायला गेली म्हणजे पैशाचं झाड लागलं असं नाही. मिलचा पगार कधीच गेला. आता लिफ्ट आहे, देखभालीचा खर्च आहे आणि पोरांच्या नोकऱ्या कंत्राटी आहेत. मुंबईचा दादा "या वेळी जमणार नाही" म्हणाला तर माया आटली असं समजू नका. त्याला विचारा, "दादा, तू कसा आहेस?" वीस-वीस वर्षं सगळ्यांचं बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

आणि अशा माणसांनाही, जे इथे खाली मान घालून ऐकताहेत त्या थोरल्यांना आणि वहिनींना, एक सांगणं. यंदा आषाढीला याल तेव्हा घरच्या किल्ल्या कुणाच्या तरी हाती देऊन या. रोज रात्री तळावरून फोन करून गॅस बंद केला का विचारू नका. अठरा-वीस दिवस घर तुमच्यावाचून चालतं, हे बघायची यासारखी दुसरी संधी नाही. परत आल्यावर काही बिघडलेलं दिसेल, काही तुमच्यापेक्षा बरं झालेलंही दिसेल. किल्ल्या लगेच परत मागू नका.

वेळ झाली, हरिपाठाला उभं राहायचंय. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर लेकरं समजून पदरात घ्या.

रामकृष्ण हरी!